लेकीची जन्मवेळ

आप्पा, माणूस मेला की संपला, मागे काही उरत नाही, असं तुम्हीच ठणकावून सांगायचात. मग हे मी कुणाला लिहितेय, कोण जाणे. पण आज डोकं इतकं फिरलंय की घरात कुणाशी बोलले तर भांडणच होईल.

बमरोलीची आपली एक खोली आठवते. तुम्ही कापडाच्या लूमवरून आलाय, कानात अजून खडखड आहे म्हणून मोठ्यानं बोलताय, आई भाकरी थापतेय. तिकडं युरोपात लोकांनी राजाला आणि पाद्र्याला तोंडावर विचारलं, "कशावरून?", आणि तिथून जग बदललं, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. मी एकदा "बाई म्हणाल्या म्हणून" असं बोलले, तर केवढे भडकलात! "मग तुझ्या खांद्यावर काय मडकं ठेवलंय?" पुढं नात झाली तेव्हा दवाखान्यातच बजावलंत, "तारीख ध्यानात ठेवा, वेळ विसरा. वेळ फक्त पत्रिकेवाल्याला लागते." आम्ही खरंच विसरलो.

आता त्याच नातीला कोसाडचं स्थळ आलंय. आपलेच लोक, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. पोरगा कॉम्प्युटर इंजिनियर, पोरीला मनापासून आवडलेला. सगळं ठरलं, आणि त्याचा बाप, विहारात दर रविवारी विवेकावर भाषण ठोकणारा, चहा फुरकत म्हणतो, "ताई, तेवढी जन्मवेळ द्या ना. आपण मानत नाही हो, पण आता ॲप आलंय, एकदम सायन्टिफिक." पोरगा नंदीबैलासारखा मान डोलावतो. शिकून हे दिवे लावले! माणसानं एवढी अक्कल चालवून यंत्र केलं, आणि यांनी त्यात पंचांग कोंबलं. "कशावरून?" विचारायची छाती नाही, "कुठल्या ॲपवरून?" तेवढं विचारतात. मी तोंड उघडणार, तर पोरीनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "शोधून कळवते."

मुलाची जन्मतारीख-वेळ त्यांनी दिलीच होती. घरी येऊन तेच ॲप उघडलं. पोरीची मनाला येईल ती वेळ टाकायची, गुण जुळेनात की दुसरी टाकायची. एक जुळली, ती कळवली. तिकडं पेढे वाटले म्हणे. मूर्ख कुठले!

हा कागद फाडूनच टाकणार आहे, पोरीच्या हाती लागायला नको. पण तुम्हाला सांगते आप्पा, मधल्या एका वेळेला लाल अक्षरांत आलं, "वैधव्ययोग". वेळ खोटी, मीच मनानं घातलेली. तरी मी झटकन फोन पालथा घातला.