फाटकापाशी दोन तास

प्रिय बाबा,

आईचं सामान बांधता बांधता आज खोलीच्या दारामागचं ते कॅलेंडरचं पान काढलं, आणि ते हातात घेऊनच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन महिना झाला. आईचा व्हिसा तुमच्या नावावरचा, त्यामुळे तिला आता अबुधाबी सोडावी लागणार. फ्लॅट रिकामा करायला मी आले आहे. मराठीत लिहितेय, चुका काढू नका! तुम्ही मराठीत पत्रं पाठवायचात आणि मी इंग्रजीत दोन ओळींचे ईमेल करायचे. निदान हे तरी तुमच्या भाषेत असू दे.

पान आठवतंय ना? इंग्लंडमधली डव्ह नदी, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, आणि पलीकडे जायला पाण्यात ओळीने मांडलेले दगड. ऑफिसातल्या कॅलेंडरचा जुलै महिना. वर्ष संपलं तरी तुम्ही तो टाकला नाहीत. शाळेच्या बसची वाट बघताना म्हणायचात, "एकदा त्या दगडांवरून पलीकडे जायचंय." अंगाची लाहीलाही होत असायची आणि तुमच्या डोक्यात नदी!

मग मी इंग्लंडात शिकायला गेले आणि एका जुलैत तुम्ही खरंच आलात. नवे बूट घालून. आई काल म्हणाली, तीन महिने रोज तेच बूट घालून तुम्ही समुद्रकाठच्या कॉर्निशवर चालत होतात, घामाने निथळत, "पोरीच्या मागे पडायला नको" म्हणून. मला का नाही सांगितलंत हे?

किती खुशीत होतात त्या सकाळी! कमरेएवढं गवत, दगडी कुंपणं, आणि भेटेल त्या मेंढीला तुमचं "गुड मॉर्निंग, मॅडम". मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. मग ते लाकडी फाटक आलं. नदी दोन शेतांपलीकडे होती, पाण्याचा आवाजसुद्धा येत होता.

"हे शेत कुणाचं गं? विचारून घेऊ."

"बाबा, इट्स अ पब्लिक फुटपाथ, शेतातून कुणीही जाऊ शकतं. पाटी आहे बघा."

"पाटी आहे, पण माणूस कुठाय? पासपोर्ट तर हॉटेलवर राहिले. तुला घेऊन असं आत शिरायचं नाही मला."

"आय ॲम ट्वेंटी! अँड दिस इज नॉट द गल्फ!"

आणखीही बोलले. तुमच्यामुळे सगळीकडे मान खाली घालावी लागते, असंही. बोलायला नको होतं, बाबा. तुम्ही नुसतं म्हणालात, "तू जाऊन ये. मी थांबतो." मी पाय आपटत गेले. फाटकही लावलं नाही.

तुमचा डबा आणि पाणी माझ्याच पाठीवर होतं. हे मला नदीवर कळलं. तरी परतले नाही. दगडांवरून तीनदा इकडून तिकडे गेले आणि तुमच्या वाटणीची पोळीभाजीही खाल्ली. कसं खाववलं मला?

परतताना वाटेत एक म्हातारी भेटली. म्हणाली, फाटकापाशी एक फार सज्जन गृहस्थ उभे आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला फाटक उघडून देतात. त्यांचंच शेत का? मी "नो" म्हणाले. तुम्ही माझे वडील आहात हे काही मी तिला सांगितलं नाही.

"तू उघडं टाकून गेलीस," तुम्ही म्हणालात. "मेंढ्या बाहेर गेल्या असत्या." दोन तास, उन्हात, बिनपाण्याचे! रागवायचं सोडून तुम्ही विचारलंत, "दगड निसरडे होते का गं?" आणि मी म्हणाले, "यू शुड हॅव कम." ओठ सुकले होते तुमचे. ते मी पाहिलं होतं.

आज हे पान काढताना मी आईला म्हटलं, बाबा उगाच घाबरले तेव्हा. आई खालीच बसली.

"उगाच? तेव्हा इथल्याच फुजैराला होतो आपण, तू दोन वर्षांची. हे तुला कडेवर घेऊन शंख वेचायला गेले. फाटक उघडंच होतं, पण ते निघालं तेलाच्या टर्मिनलचं. पहारेकऱ्यांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. दुधासाठी रडून रडून तू निळी पडलीस. ह्यांच्या कंपनीचा साहेब पासपोर्ट घेऊन आला, तेव्हा सोडलं. म्हणाला, 'फिर ऐसा हुआ तो व्हिसा खलास.' तेव्हापासून तुला घेऊन विचारल्याशिवाय कुठल्या फाटकातून ते आत गेले नाहीत."

बाबा, मला एकदा तरी सांगायचंत! की सांगितलं असतंत तरी मी ऐकलं नसतं?

ते बूट मी ठेवून घेतलेत. तळाला तिथली माती अजून आहे. येत्या जुलैत आईला घेऊन जाणार आहे. त्या फाटकापाशी आधी थांबेन. कुणी दिसलं तर विचारीन. मग फाटक उघडून धरीन, तुम्ही आत याल इतका वेळ. आणि या वेळी मागे नीट लावीन.

तुमची,
मीनू