रेवतीचं हसू

मंगळवार, पिंप्राळा

डोकं उठलंय. मालिकेतली रेवती जावेचा गुन्हा स्वतःवर घेऊन पोलिसांच्या गाडीत बसली, आणि बसताना हसली. झालं. आमचा मालिकेचा ग्रुप संध्याकाळपासून त्या हसण्याचा अर्थ लावतोय. कोणी म्हणे समाधानाचं हसू, कोणी म्हणे निरोपाचं. रडक्या चेहऱ्यांचा नुसता पूर. मी एवढंच लिहिलं, की जावेला विचारलं का तिने? ती बिचारी आता जन्मभर हे ओझं वाहणार. तर सगळ्या अंगावर आल्या. धुळ्याहून अक्काचा तर फोनच आला. "तुले काय समजस? जीव लावना पडस." सख्खी बहीण माझी, आणि बाजू घेते रेवतीची.

मी काय चुकीचं बोलले? एवढं प्रेम आहे, तर विचारायला काय जातं? आणि वर हसायचं कशाला?

रागारागातच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या. शेवटची करपली. भरीत वाढलं, चांगल्या भाकऱ्या लेकीच्या ताटात टाकल्या आणि करपलेली गुपचूप माझ्याकडे ओढली. नेहमीसारखीच. आज तिने हात धरला.

"आई, मला करपलेलीच आवडते. इतक्या वर्षांत कधी विचारलंस?"

मी हसले.

"आणि असं रेवतीसारखं हसू नकोस," ती म्हणाली, आणि भाकरी घेऊन गेली.