वास कुठे गेला

१४ मे, गुरुवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे. नुकताच साबणाने दोनदा हात धुऊन बसलो आहे. डोकं जड आहे.

काका उद्या सकाळी शेणाच्या खड्ड्यात उतरणार आहेत, तळाचा गाळ काढायला. आठ म्हशींचं शेणमूत त्यातच जातं. वास आणि गॅस कमी व्हावा म्हणून सोमवारी मी त्यात जिवाणूंची पावडर कालवून टाकली. आज वास खरंच नाही. काका चार लोकांत म्हणाले, "आमचा पुतण्या सायंटिस्ट झाला ना बाप्पा!" मी हसलो. का हसलो?

पावडर मी नळाच्या पाण्यात कालवली होती. त्याच सकाळी ग्रामपंचायतीच्या शिपायाने टाकीत ब्लीचिंग टाकलं होतं. पुडीमागे स्पष्ट लिहिलं आहे, असं पाणी वापरू नये. ते मी आज वाचलं. म्हणजे जिवाणू बादलीतच मेले. मग वास कुठे गेला?

मघाशी खड्ड्यावरची वाळलेली साय बांबूने फोडली. बुडबुडे आले, सडक्या अंड्यांचा वास आला आणि दोन श्वासांत नाहीसा झाला. बुडबुडे मात्र येतच होते. म्हणजे वास गेला नव्हता, सायीखाली कोंडला होता; आणि साय फुटताच त्या विषारी गॅसने माझं नाकच बधिर केलं होतं. खाली उतरणारा माणूस त्याने मरू शकतो.

काकांना म्हटलं, "उद्या नका उतरू."

"काहून? तुह्याच औषधानं तं वास मेला."

पाण्याचं सांगायला जीभ उचलली नाही. शिडी तेवढी कडब्याखाली लपवली.

आत्ता अंगणातून हाक आली, "शिडी कुठी गेली बे? राहू दे, दोर काढून ठेव. दोरानं उतरतो."

वही मिटतो. पाण्याचं आत्ताच सांगतो.