तीन पिनांचा प्लग

बाबा, पोत्यात बांधलेली तुमची विजेची शेगडी काल डोंबिवलीच्या घराच्या माळ्यावरून खाली निघाली. तुमच्या नातीने काढली, मी नकोच म्हणत होतो. माजिवड्याला तिच्या सोसायटीत गॅसची पाइपलाइन आठवडाभर बंद आहे, आणि तिला जुन्या वस्तूंचं वेड. "पप्पा, काय भारी पीस आहे, कशी लावायची सांगा ना." पोत्याची सुतळीसुद्धा मी सोडली नाही. तसंच तिच्या घरी नेलं आणि वायरमनला बोलावलं.

तुम्ही ती कारखान्याच्या भंगारातून आणून दुरुस्त केलीत तेव्हा मी आयटीआयला होतो. तुमचा नियम एकच, शेगडी बाहेरच्या खोलीतच लावायची, कारण तीन पिनांचा प्लग तिथेच बसायचा. स्वयंपाकघरातला बोर्ड दोन पिनांचा. गौरी जेवायच्या दिवशी नेमका गॅस संपला, तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले. आई म्हणाली, "अरे, चपला फिरतात तिथे नैवेद्य रांधू मी? तू शिकतोयस ना वायरिंग? मग घे की आत." मी दीडशहाणा. अर्थिंगची हिरवी तार कापली, दोन पिनांचा प्लग बसवला, पाच मिनिटांत. आई खूश आहे. आंघोळ करून सोवळ्याने, ओलेत्यानेच, धुतलेल्या फरशीवर बसून ती पुरण ढवळतेय. मी बाहेर रांगोळीचा डबा शोधतोय. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला.

तेराव्याला मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "भंगार घरात आणून माझी बहीण मारलीत." तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "हो. शेगडीच खराब होती. चूक माझी." मामा पुन्हा आपली पायरी चढला नाही. त्यानंतर चौदा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, तुम्ही रांधलंत आणि मी समोर बसून जेवलो. मला वाटायचं, तुम्हाला प्लगचं ठाऊकच नाही. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

काल वायरमनने पोतं सोडलं, तर वायरला तीन पिनांचा प्लग. त्याने तो उघडला. हिरवी तार जागच्या जागी, स्क्रूभोवती तुमचे नेहमीचे दोन वेढे. "जुन्या माणसाचं काम आहे, पक्कं," तो म्हणाला. बटण दाबताच घरातली लाइट गेली. "बॉडीत करंट उतरतोय. अर्थिंग आहे म्हणून एमसीबी पडला, नाहीतर हात लावणारा गेला असता. एलिमेंट बदला, पॉवर पॉइंटलाच लावा, हात कोरडे, पायात चपला. मग वापरा बिनधास्त."

म्हणजे माझा प्लग तुम्ही काढलात, तुमचा बसवलात आणि पोतं बांधून टाकलंत. मला एका शब्दाने बोलला नाहीत. कानाखाली जाळ काढला असतात तर मी निदान रडलो तरी असतो. मला तुमचा राग येतो, बाबा.

लेकीला वाचायला द्यावं म्हणून हे लिहायला घेतलं होतं. आता देणार नाही. वायरमन गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आजी ह्याच शेगडीवर गेली का?" मी म्हटलं, "हो. आजोबांनी भंगारातून आणली होती."

"इतके कसे निष्काळजी होते आजोबा," ती म्हणाली. मी पोत्याची सुतळी गुंडाळत राहिलो.