साबण लावलेला चष्मा

अकोला, माघ वद्य षष्ठी, संध्याकाळ

ज्या विधात्याने चहा निर्माण केला त्यानेच चष्माही घडवावा, हा सृष्टीतला अक्षम्य प्रमाद! कप तोंडाशी नेला की जग नाहीसे.

पण गेल्या आठवड्यात, बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, माझा चष्मा स्वच्छ होता. गारपिटीने झोडपलेली वांगी टोपल्यांत घेऊन माळी मंडळी पहाटेपासून उभी होती आणि तहसीलदारांची मोटार न थांबता निघून गेली. तिच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या. साहेबांना दिसणार काय? मी माझ्या वृत्तपत्रात तसेच छापले. आज त्यांचा निरोप आला: वाफ तुमच्याच चष्म्यावर होती, माफी छापा.

नाही छापणार! साबण लावला होता ना. तुकाराम माळ्याच्या खोपीत चहा पिताना माझी फजिती पाहून तोच म्हणाला, "पंडितजी, काहून घडी घडी पुसून राहिले? कोरडा साबण घासा अन् धोतरानं पुसून टाका. आमची बुढी तिच्या चष्म्याले तेच करते." वडीही त्यानेच दिली. मोटार आली ती त्यानंतर.

आत्ता पुन्हा साबण लावून पाहिला. चहा वाफाळतो आहे, काच निर्मळ आहे. उजव्या डोळ्याला दिव्याची वात नीट दिसते. डाव्याला धुकेच. चष्मा काढला तरी धुकेच.

माफी नाहीच. त्या दिवशी पाहिले ते उजव्या डोळ्याने, आणि खरे पाहिले. पण हा डोळाही गेला तर मी लिहू कशाच्या भरवशावर? हिला अजून सांगितलेले नाही. भीती वाटते.