पिवळ्या छत्रीचं गाणं

५ जानेवारी

गाणं माझ्यावर आहे आणि त्यातली एक गोष्ट धड खरी नाही!

आज कंपनीच्या बसमध्ये मोशीपासून चाकणपर्यंत तेच. मागच्या सीटवरच्या पोरांनी मोबाइलवर लावलं होतं. मी चढले तसा त्यांनी आवाज कमी केला. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. प्रीतमचं आणि माझं सात वर्षं होतं, दिवाळीत मी मोडलं, आणि आता त्याने त्यावर गाणं काढलं! 'पिवळी छत्री' म्हणे. दिवसभर आमच्याच कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गाड्या रंगवायच्या, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गायचं, आणि उरलेल्या वेळात माझी बदनामी करायची.

घरी येऊन हेडफोन लावून नीट ऐकलं. (पहिल्यांदा नाही. पण ते कुणाला सांगायचं कारण नाही.)

"पिवळी छत्री दारात उभी, पाऊस निघून गेला" — माझ्याकडे छत्रीच नाही. रेनकोट आहे, निळा.

"चहात साखर तू विसरायची, मी गोड म्हणून प्यायचो" — याला मी जन्मात चहा करून दिलेला नाही. आम्ही टपरीवर प्यायचो, आणि तिथेही मी कॉफी.

"सायकलच्या दांडीवर बसून घंटी तू वाजवायची" — सायकल! माझी स्वतःची स्कूटी आहे. पिंपळे गुरवला त्याच्या घरी त्याला मीच सोडायचे, आणि हा मागे बसून 'हळू चालव, हळू चालव' करायचा.

"एका घराला दोन कुलुपं, चावी कुणाच्याच हाती नाही" — कुठलं घर? घराचं नाव काढलं की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचा, म्हणून तर मोडलं!

शेवटची ओळ तेवढी बरोबर आहे. "एकदा विचारायचं राहून गेलं, तेवढंच माझं चुकलं." राहून गेलं काय? सात वर्षं होती विचारायला.

खाली लोकांनी लिहिलंय, 'भावा, रडवलंस.' आणि एकीने लिहिलंय, 'असल्या मुलींना नाही कळत रे.' असल्या म्हणजे कसल्या?

६ जानेवारी

कँटीनमध्ये वाढणाऱ्या शालनबाईंनी न मागता दोन गुलाबजाम जास्त टाकले. म्हणाल्या, खा पोरी, झालं गेलं. खाल्ले. गुलाबजामवर राग कशाला काढायचा?

८ जानेवारी, गुरुवार

आठवड्याची सुट्टी. म्हणजे पोस्टमनची नोकरी पूर्ण वेळ.

आमचं घर असं: वर आई, खाली अप्पा, आणि जिन्यात मी. नदीकाठचा शेवटचा तुकडा अप्पांनी बिल्डरला दिला तो आईला न विचारता. सही करून आल्यावर सांगितलं. तिथे तिने लावलेली शेवग्याची झाडं होती. आईने गादी उचलली आणि वरच्या खोलीत गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून अप्पांशी एक अक्षर नाही. स्वयंपाक मात्र दोघांचा करते, डबा भरते, मी खाली नेते. "तुझ्या बापाला सांग, आमटीत मीठ जादा पडलंय." मी खाली. "तुझ्या आईला सांग, कळलं." मी वर. माझे गुडघे तिशीतच गेले तर ते ह्या दोघांच्या अबोल्याने जातील.

अप्पा आधी गावातल्या लग्नांसाठी मंगलाष्टका लिहून द्यायचे. नवरानवरीची, मामा-काकांची, कधीकधी तर आचाऱ्याचीही नावं चालीत चोख बसवायचे. प्रीतम त्या गायला यायचा, आमची ओळख तिथलीच. आई वर गेल्यापासून अप्पांनी ते बंद केलंय. आपल्याच घरात बोलाचाली नाही, दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नांदा म्हणायचं, असं म्हणतात.

प्रीतमशी मात्र त्यांचं बंद नाही! मोडलं ते मी, अप्पांनी नाही. दर गुरुवारी दोघं नाक्यावर चहाला बसतात. आज तिथून आले आणि म्हणाले, गाणं ऐकलं, पण दुसऱ्या कडव्यात घाई करतो पोरगा. मी म्हटलं, अप्पा, त्यात तुमच्या मुलीची अब्रू चालली आहे आणि तुम्ही ताल बघताय? त्यावर चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

१२ जानेवारी

वाटोळं झालं.

आमच्या लाइनवर प्रत्येक स्टेशनला डोक्यावर एक दोरी असते. गाडीत चूक दिसली की ती ओढायची. मग त्या स्टेशनची ठरलेली धून सगळ्या शॉपभर वाजते, लोक धावत येतात, आणि चूक सुटत नसेल तर लाइन थांबते. कुठे घोळ आहे ते धुनेवरून कळतं. माझ्या स्टेशनची धून आजवर कुठल्यातरी जपानी बाळाला झोपवायची असावी, इतकी गरीब होती. तर आमचे सुपरवायझर नवनाथ सर आज म्हणाले, जुन्या धुनांनी कामगारांना झोप येते, आता तुमच्या आवडीची गाणी लावू. मतदान घेतलं.

शेजारच्या लाइनवर माझी मैत्रीण प्राजक्ता आहे. तिच्या स्टेशनला सनई. आणि माझ्या, म्हणजे फायनल तपासणीच्या स्टेशनला — पिवळी छत्री. एकमताने! मी तेव्हा हात धुवायला गेले होते.

विरोध करता येत नाही. विरोध केला म्हणजे गाणं माझ्यावर आहे हे मीच कबूल केलं. फायनलला उभी राहिलेली आमच्या लाइनवरची पहिली बाई मी. ही जागा मिळवायला जीव काढलाय. एका छत्रीपायी सोडणार नाही.

१३ जानेवारी

दोरी ओढली की प्रीतम भोंग्यातून गळा काढतो. आज सकाळपासून दरवाजाच्या रबराचाच घोळ होता, म्हणजे सारखी दोरी. फोर्कलिफ्टवाला माझ्यासमोरून जाताना गाडी हळू करतो. एक नवीन ट्रेनी मुलगा जवळ येऊन म्हणाला, ताई, काळजी घ्या. रबराची की माझी, ते बोलला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने अप्पांच्या डब्यात तिळाचा लाडू ठेवला. मी विचारलं, देताना काय म्हणायचं तेही सांग. तर म्हणे, नुस्ता दे. खाली अप्पांनी त्याचे दोन तुकडे केले, एक स्वतः खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, वर दे. नुस्ताच. आईने तो पदराच्या टोकाने पुसून खाल्ला. तिळगूळ झाला, गोड बोलायचं तेवढं राहिलं.

१९ जानेवारी

आज फार वाईट वागले.

एका गाडीत मागच्या सीटबेल्टच्या बोल्टवर मार्करची खूण नव्हती. बोल्ट आवळला की खूण करतात. खूण नाही म्हणजे तो आवळलाय की नुसता लटकतोय, देव जाणे. हात दोरीकडे गेला आणि समोर प्रीतम दिसला. पेंट शॉपच्या लोकांबरोबर काहीतरी बघायला आला होता. त्याच्या तोंडावर त्याचंच गाणं वाजवू? हात खाली आला. गाडी पुढे सरकली.

मग धावत सुटले आणि शेजारच्या लाइनवर प्राजक्ताची दोरी ओढली. डोक्यात काय होतं कुणास ठाऊक — गाणं वाजायला नको, एवढंच! सनई सुरू झाली. झाडून सगळे प्राजक्ताकडे धावले, तिची चांगली चाललेली लाइन थांबली, आणि माझी गाडी आपली निवांत गेटकडे. शेवटी मी दोन्ही हात पसरून त्या गाडीपुढे उभी राहिले. मागे सनई, पुढे मी. कुणीतरी ओरडलं, अक्षता आणा रे.

बोल्ट सैलच होता.

नवनाथ सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "त्या पट्ट्यात उद्या कुणाचं तरी लेकरू बसलं असतं, उत्कर्षा. परत असं झालं तर फायनल सोडायचं आणि स्टोअरला जायचं." मी मान खाली घातली. बसमध्ये येताना रडले. गाण्याने नाही, त्या लेकराच्या विचाराने.

२० जानेवारी

दोरी ओढली. वाजू दे. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात तसलं काहीतरी लिहिणार होते, पण मी मेलेली नाही आणि कोंबडंही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या गल्लीत हळद. डीजेवाल्याने पिवळी छत्री लावली! हळदीला! नवऱ्यामुलाचे मित्र एकमेकांच्या गळ्यात पडून संथ नाचत होते आणि नवरामुलगा पिवळाधमक होऊन मध्ये हुंदके देत होता.

आई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तिने एरवी गाण्याकडे कधी लक्ष दिलेलं नाही. आज हातात चिमटा तसाच धरून थांबली. विचारलं, गाणं कुणाचं? म्हटलं, प्रीतमचं, माझ्यावर आहे. तिने मला नखशिखान्त बघितलं, बाजारात वांगं बघतात तसं.

"तुज्यावर?" म्हणाली. "पुन्यांदा लाव."

मोबाइलवर लावलं. सायकलची ओळ आली तशी ती म्हणाली, बाई निघून का गेली ते कुणी विचारलं का ह्या गाण्यात? मला इतकं बरं वाटलं! दिवाळीपासून पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली. पुढे शेवटची ओळ आली, विचारायचं राहून गेल्याची. आईने घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घडी घातली आणि आत गेली.

आपल्या लेकीचं दुःख आईलाच कळतं.

२३ जानेवारी

एका गाडीच्या दरवाजावर रंगाचा ओघळ. दोरी ओढली. आणि रंगाची तक्रार म्हणजे पेंट शॉपचा माणूस येणार. आला तो प्रीतम. हातात फडकं, डोक्यावर भोंग्यात त्याचाच आवाज. लाल झाला होता. शिक्षा त्यालाही आहे तर!

तीन महिने मी त्याच्याशी बोललेले नाही. ह्या बाबतीत मी आईची मुलगी आहे. पण आज तोंडातून निघूनच गेलं.

"छत्री कुठली रे?"

"मला काय माहीत? शब्द माझे नाहीत, उत्कर्षा. मी फक्त गायलो."

"मग कुणाचे?"

"नाव सांगू नको म्हणून शपथ घातलीय. वयाने मोठे आहेत." मग ओघळाकडे बघत म्हणाला, "तुला सांगायला फोन केला होता. तू ब्लॉक केलंयस."

नवनाथ सर म्हणाले, आधी दरवाजा बघा. त्याने दरवाजा बघितला. ओघळ चांगला घासून काढला, ते कबूल करायला हवं.

२४ जानेवारी

म्हणजे माझ्यावर नाहीच?

सात वर्षं! एक कडवं तरी! इतके दिवस सगळ्या शॉपची दया खाल्ली, गुलाबजाम खाल्ले, आणि छत्री भलत्याच बाईची. माझ्यावर चार ओळी लिहायला ह्याला काय धाड भरली होती? निळा रेनकोट चालीत बसत नाही का?

२५ जानेवारी

आईला सांगून टाकलं. गाणं माझ्यावर नाही, कुणा मोठ्या माणसाने लिहून दिलंय, प्रीतम नाव सांगत नाही. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "मोठा मानूस," एवढंच म्हणाली.

मग अप्पांचा चहा केला. मी थर्मासमध्ये भरताना घोट घेतला, साखर नव्हती. म्हटलं, साखर विसरलीस. तर म्हणे, राहू दे तसाच, ने. खाली अप्पांनी सगळा प्याला. माझ्याकडे न बघता म्हणाले, तिला सांग, गोड झालाय.

वर येईपर्यंत जिन्यात दोनदा थांबले मी. आईला निरोप दिला नाही. देताच येईना.

२७ जानेवारी

डबा न्यायला हात पुढे केला, तर आईने दिला नाही. पायात चपला सरकवल्या आणि स्वतःच खाली गेली. मी मागोमाग, जिन्यातच थांबले.

अप्पा उठून उभे राहिले. आईने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "छत्री पिवळी न्हवती. केशरी व्हती."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "केशरी चालीत बसत न्हवतं."

"मग इचारायचं," आई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.