टोचणी

अल मजाज, शारजा
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २००३

ती. रू. आईंना,
सौ. संपदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि हमीदभाईंच्या हाती पाठवलेली कोकमं, दोन्ही सुखरूप पोचली. पिशवीला तुम्ही सात गाठी मारल्या होत्यात. हमीदभाई सांगत होते, कस्टमवाल्यानं तीन सोडल्या आणि कंटाळून ‘खलास’ म्हणाला. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या समोरच्या कुलसुमभाभींना, अर्धी कोकमं दिली. रत्नागिरीच्या माणसांना दुसरं काय द्यायचं?

परेश आता दोन वर्षांचा झाला आणि दिवसभर बोलतो. मनालीला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तुम्ही आलात की दोघींची गंमत बघायची आहे.

आता मुद्द्याचं. फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण तुमचा फोन घ्यायचा तो शेजारच्या सुजाताच्या घरी, आणि तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. मनाली गेल्या जानेवारीत चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती, ते तुम्हाला तेव्हा थोडं कमी करून सांगितलं होतं. साध्या फ्लूचा ताप, पण तिच्या दम्यामुळे ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणतात, यंदा थंडीच्या आधी फ्लूची लस द्या, पहिलंच वर्ष म्हणून महिन्याच्या अंतरानं दोनदा टोचायचं. शाळेनंही फॉर्म पाठवला आहे. पंधरा नोव्हेंबरला नर्स येणार. फॉर्मवर वडिलांची सही लागते, आणि हे सही करत नाहीत.

इथे मार्च-एप्रिलपासून सार्सच्या बातम्यांनी सगळ्यांची डोकी फिरली आहेत. आमच्या लिफ्टमध्ये तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत एक परिसंवाद होतो. कोणी म्हणतं, लशीनंच ताप येतो. कोणी म्हणतं, हा औषधकंपन्यांचा धंदा. कुलसुमभाभी म्हणतात, हजला जाताना आम्ही इंजेक्शनं घेतली, आम्हाला काय धाड भरली? ह्यांच्या रास अल खोरच्या गोदामात चीनहून लसणाची खोकी आली होती, ती आठ दिवस कोणी उघडेना. शेवटी मॅनेजरनं स्वतः उघडून लसूण हुंगून दाखवला.

हे म्हणतात, ज्या रोगाला सगळे घाबरतात त्याला लस नाही, आणि ज्याची लस आहे त्याला कोणी घाबरत नाही. बोलण्यात मी ह्यांना कधी हरवलं आहे? पण आई, हे खरं कारण नाही. खरं काही विचारलं की एवढंच म्हणतात, मनालीला टोचलं तर परेशला कुठे ठेवायचं? मी म्हटलं, परेशला कुठे टोचायचंय, तो झोपेल की ताईशेजारी रोजच्यासारखा. तर ताट तसंच ठेवून उठले.

ह्यांना न सांगता काही करायची माझी रीत नाही. पण पुन्हा तो जानेवारी मला नको आहे. तुमचा शब्द हे मोडत नाहीत. मनालीला टोचून घ्या, एवढी एक ओळ ह्यांना लिहा.

तब्येत जपा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
संपदा


आंबेवाडी, ता. संगमेश्वर
१३ ऑक्टोबर २००३

चि. सौ. संपदा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, त्यामुळे तुझे बारीक अक्षर नीट लागले नाही. पण मनालीला टोचायचे लिहिलेस ते वाचून आनंद झाला. मुलीचे कान वेळेवर टोचलेले बरे. उशीर झाला की पाळी कडक होते.

तिथे सोनार चांगला बघ. यंत्राने टोचणारे असतात म्हणे, त्यांच्याकडे नेऊ नकोस. सोन्याची तार असावी, वरून खोबरेल आणि हळद. आठ दिवस कानावरून पाणी घेऊ नये. हमीदचा पुतण्या महिनाअखेरीस येणार आहे, त्याच्याबरोबर तार पाठवते.

यंदा भात बरे आहे. माकडांनी पडवळ ठेवले नाही. गुडघा म्हणशील तर आहे तसाच आहे, त्याची काळजी करू नये. राजनला म्हणावे, उन्हातून येऊन लगेच गार पाणी पिऊ नकोस. बायको-पोरांशी गोडीने राहा.

पोरांच्या गालावरून माझा हात फिरव. विसर पडू देऊ नये.

आशीर्वाद,
कावेरी


अल मजाज, शारजा
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २००३

ती. रू. आईंना,
सौ. संपदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या जमल्या, करंज्यांनी तळणीत तोंड उघडलं. दोन-तीन दिवसांत रमजान लागेल, म्हणून कुलसुमभाभींचा फराळाचा डबा मी आधीच पोचता केला.

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले. आई, मनालीचे कान बाराव्या दिवशीच टोचले आहेत. तुमच्याच मांडीवर, तुम्हीच तिचं डोकं धरलं होतं, आणि ती रडली नाही पण तुम्ही रडलात. मग हसू थांबलं. तुम्हाला दाराआडून सापाची शेपटी दिसते, आणि माझं अक्षर दिसलं नाही? तुम्हाला लिहायचं नाही, एवढं मला कळलं. का ते कळेना.

म्हणून मी ह्यांच्यामागे लागले. रविवारी मनालीची छाती पुन्हा वाजायला लागली, तिला वाफ देत बसलो होतो, तेव्हा हे आपणहून बोलले. म्हणाले, “विघ्नेश टोचण्यानं गेला.” लग्नाला अकरा वर्षं झाली. ह्यांच्या पाठचा एक भाऊ लहानपणी तापानं गेला, एवढंच मी ऐकलं होतं. पुढे विचारलं, तर म्हणाले, आई तेच म्हणायची. आणि वाफेचं पाणी बदलायला उठले.

आई, मला माफ करा, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. खरंच तसं झालं होतं का? झालं असेल, तर मी ह्यांना पुन्हा कधी आग्रह करणार नाही. तुमचं गेलेलं लेकरू आणि माझं घाबरलेलं मन, दोन्ही एका ताजव्यात घालायचा मला हक्क नाही. पण वेगळं काही असेल, तर आता सांगा. फॉर्म माझ्या पर्समध्येच आहे. काढते, बघते, परत ठेवते.

चुकलं असेल तर कान उपटा, पण अबोला धरू नका.

तुमची,
संपदा


आंबेवाडी
३ नोव्हेंबर २००३

चि. राजन यास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

संपदाचे पत्र आले, त्याचे उत्तर तुझ्या नावाने लिहिते आहे. माझ्या चष्म्याची काडी मोडलेली नाही. तिच्या पत्रातले टोचणे कानाचे नव्हे, हे मला पहिल्या वाचण्यातच कळले होते. घाबरले म्हणून कानाचे सोंग आणले. तिच्यावर रागावू नकोस. तिने विचारले ते बरे केले.

बाबा, विघ्नेशला कधी टोचलेच नव्हते.

त्या वर्षी भाताची झोडणी होऊन कणग भरली होती. तुझे बाबा मुंबईला गोदीत. देवीडॉक्टर पिशवी घेऊन घरोघर फिरत होता. पलीकडच्या वाडीत टोचलेले एक पोर तापाने फणफणले, अशी आवई उठली होती. विघ्नेशला दोन दिवस कणकण होती. मला वाटले, आता नको, बरा झाला की पुढच्या खेपेला. त्याला कणगीमागे बसवले, रडू नये म्हणून हातात गुळाचा खडा दिला. तू अंगणात होतास, तुला टोचले. डॉक्टरने विचारले, घरात आणखी मूल आहे का? मी नाही म्हटले.

त्याची पुढची खेप यायच्या आधी वाडीत देवी आल्या. तू त्याच्याच अंथरुणात झोपत होतास, तुला काही झाले नाही. तो नवव्या दिवशी गेला. का तू राहिलास आणि का तो गेला, हे मला तेव्हाच दिसत होते. दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

तुझ्या बाबांचे कार्ड आले, पोरांना टोचले होते ना म्हणून. मी चौथी शिकलेली, माझ्या हाताने लिहिले, टोचण्याने गेला. खरे लिहायला हात धजेना. एकदा लिहिल्यावर मग सगळ्यांना तेच सांगितले. माझे ऐकून पुढच्या खेपेला वाडीतल्या दोघींनी पोरे लपवली. ती वाचली, ही देवाची दया. माझी हुशारी नव्हे. तुझे बाबा जाईपर्यंत त्यांना सांगायचे राहिले. मनाला टोचणी होती, पण माणूस टोचणीसकट जेवतो-खातो, दिवस जातात.

आता माझे खोटे मनालीच्या आड आले. मी लपवायला नको होते. मग टोचण्यावर खापर फोडायला नको होते. एवढे वाचून तुला माझे तोंड पाहू नयेसे वाटले, तर मी समजेन. डिसेंबरात येण्याचे ठरले होते, ते तू पुन्हा बोलावलेस तरच. पण पोरीला टोचून घे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी घे.

जमल्यास माया राहू दे.

तुझी आई


अल मजाज, शारजा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००३

ती. आईस,
राजनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं. तुझं अक्षर आणि माझं नाव बघून संपदानं ते न फोडता माझ्या हातात दिलं. घरी वाचायचा धीर झाला नाही, गोदामात नेऊन खोक्यांच्या मागे उभ्यानं वाचलं. बरोबर काम करणारा भिवा विचारायला आला, गावाकडे सगळं बरं आहे ना. मी बरं आहे म्हटलं. खोटं बोलणं सोपं असतं, हे मलाही माहीत आहे.

आई, विघ्नेशला तू कणगीमागे लपवलंस, हे मला ठाऊक होतं. गुळाचा खडाही आठवतो, कारण मला दिला नव्हतास. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तुझ्याजवळच दंड धरून उभा होतो. तू नाही म्हणालीस, मीही गप्प राहिलो. म्हणजे त्याला टोचलेलं नाही, हे मला पहिल्यापासून माहीत.

आणि तू म्हणायचीस, टोचण्यानं गेला. घरात टोचलेला मी एकटाच होतो. सहा वर्षांच्या पोरानं त्याचा काय अर्थ लावावा? मला टोचलं, माझा दंड पिकला, तो माझ्या कुशीत झोपायचा, आणि त्याला देवी आल्या. तो माझ्या टोचण्यानं गेला, असंच मी समजत आलो. तू माझ्यावर रागावत नव्हतीस, म्हणून जास्तच वाटायचं की आई पोटात घालते आहे. मोठा झाल्यावर हे खुळ्यासारखं आहे असं कळत होतं, पण कोणाला विचारायची छाती झाली नाही. कोणी हो म्हणालं असतं तर? मनालीला टोचायचं म्हटलं की मला तिच्या शेजारी झोपलेला परेश दिसायचा. संपदाला हे कसं सांगणार होतो?

काल डॉक्टरीणबाईंकडे एकटा गेलो आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, देवीच्या लशीतून देवी कोणालाच येत नव्हत्या, टोचलेल्याला नाही आणि शेजारी झोपलेल्यालाही नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या काही हसल्या नाहीत, आणि फीसुद्धा घेतली नाही.

घरी येऊन फॉर्मवर सही केली. मग संपदाला सगळं सांगितलं. ती खूप रडली, मीही रडलो. मनालीनं विचारलं, व्हाय आर यू क्रायिंग, परवा सुई तर मला टोचणार आहेत. फ्लूच्या लशीनं सगळे ताप टळतील असं कोणी म्हटलेलं नाही, सार्सला तर ती चालतच नाही. लिफ्टमधला वादही चालूच राहील. पण तिला एक आडोसा होईल, तेवढा पुरे.

तुझा राग आला का, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आला. बुधवारी दिवसभर होता. इतकी वर्षं मी जे वागवलं, ते तुझ्या दोन शब्दांमुळे, असं वाटत राहिलं. मग संपदाकडे पाहिलं. ती तेहतीस वर्षांची, शिकलेली, हाताशी डॉक्टर, समोर कुलसुमभाभी, बोलायला मी. तरी एका कागदापायी महिनाभर धड जेवली नाही. तुझ्याकडे यातलं कोण होतं?

हमीदभाईंच्या ओळखीनं डिसेंबरचं तिकीट केलं आहे. बोलावतो आहे, यायचं. तोंड पाहू नये वगैरे पुन्हा लिहू नकोस.

तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू तेवीस वर्षांची. आपण दोघंही लहानच होतो गं, आई.

तुझा,
राजन